पेरांवर मोजलेलं पाणी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खानदेशात घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्या तोंडावर लहानसं मातीचं भांडं, वर खरबूज, पुढ्यात आमरस आणि सांजोऱ्यांचा नैवेद्य. घरातला कर्ता पुरुष उंबरा पुजतो आणि गेलेल्या एकेका माणसाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट ओढतो. २०२२ ची आखाजी ३ मे रोजी आली होती. मी बाळंतपणाला माहेरी होते, बोरी नदीच्या काठच्या आमच्या गावात. लेक जेमतेम सहा आठवड्यांचा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोटं ओढली, पंगत उठली, बाहेर ऊन असं की ओट्यावर पाय ठेववेना. सगळे आडवे झाले तेव्हा मोठी माय, म्हणजे आप्पांची आई, एकटीच उंबऱ्याशी बसलेली दिसली. आप्पांनी ओढलेल्या रांगेपासून जरा दूर, अगदी कोपऱ्याला, तिनं करंगळीनं एक बारीक बोट ओढलं.

हे कोणाचं, असं मी विचारायला हवं होतं. पण सकाळपासून आम्ही एकमेकींशी नीट बोलत नव्हतो. भांडण पाण्यावरून झालं होतं.

"पोऱ्याना घसा सुकी राहिना व्हई, दोन थेंब पानी तर टाक," असं ती आठवडाभर म्हणत होती. त्या सकाळी ती वाटी-चमचा घेऊनच आली आणि मी लेकाला पदराआड घेतलं. खानदेशात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. दारात आलेल्या माणसापुढे आधी पाण्याचा तांब्या येतो, तो कोण-कुठला हे मग विचारतात. आमच्या अंगणातल्या कडुनिंबाला पाखरांसाठी पाण्याचं परळ टांगलेलं असतं. मोठी माय त्या परळाकडे बोट दाखवून म्हणाली, पाखरांना पाणी, पितरांना पाणी, आणि घरच्या लेकराला तेवढं नाही. तिचा आवाज कापत होता. मला वाटलं, रागानं.

माझ्याकडे डॉक्टरबाईंचं सांगणं होतं आणि मी ते घट्ट धरून होते. सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही नाही, उन्हाळा असला तरी नाही. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. बाळाचं पोट एवढंसं. ते पाण्यानं भरलं की बाळ तेवढं दूध कमी पितं, आणि पाण्यानं वजन वाढत नाही. एवढ्या लहान जिवाची मूत्रपिंडंही कच्ची असतात. जास्तीचं पाणी पोटात गेलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. शिवाय पाणी कुठलं? उन्हाळ्यात आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. पिंपात साठवलेलं, दहा हातांनी दहा वेळा तांब्या बुडवलेलं ते पाणी. बाळाला तहान लागली तर त्याला छातीशी घ्यायचं आणि पाणी आईनं प्यायचं, इतकं साधं ते सांगणं होतं.

दूध पुरतं की नाही हे ओळखायची खूण डॉक्टरबाईंनीच दिली होती. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला झाला, लघवी फिकट असली, की काळजी नको. अंगणातल्या दोरीवर वाळणारे लंगोट मी रोज संध्याकाळी मोजायचे. सात, आठ, कधी नऊ. त्या मोजण्यानं मला जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या बोलण्यानं दिला नाही.

त्याआधीचे सहा आठवडेही सोपे नव्हते. बाळंतिणीच्या खोलीला आमच्याकडे खिडकी उघडायची सोय नसते. शेगडी पेटती, ओवा नि वावडिंगाची धुरी, बाळाला टोपडं, कुंची, वर दुपटं. हे सगळं थंडीतल्या बाळंतपणासाठी कुणीतरी कधीतरी ठरवलं असणार आणि तिथे ते शहाणपणाचंही असेल, कारण नवजात बाळ गार पडणं खरंच घातक असतं. पण चैत्रातही तेच. दहाव्या दिवशी दुपारी लेक हाताला चटका बसेल असा लागला. थर्मामीटर १००.६ दाखवत होता. आम्ही रिक्षा करून तालुक्याला पळालो. डॉक्टरबाईंनी आधी टोपडं काढलं, मग कुंची, मग दुपटं. लेकाला पंख्याच्या थेट झोताबाहेर, हवेशीर ठेवलं आणि मला पाजायला सांगितलं. अर्ध्या तासानं पारा ९८.८ वर आला. मग त्यांनी मला समोर बसवून जे सांगितलं ते मी अजून प्रत्येक बाळंतिणीला सांगते. ताप कपड्यांमुळे चढला होता आणि उतरला म्हणून आज घरी पाठवते. पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ ला पोचला आणि कपडे काढूनही राहिला, तर घरातली औषधाची बाटली काढायची नाही, सकाळ व्हायची वाट पाहायची नाही. इतक्या लहान बाळाच्या रक्तात जंतू गेले तर बाहेर दिसणारी खूण कधी कधी तेवढीच असते. आणि उलटही तितकंच खरं: बाळ गार पडलं, मलूल झालं, दूध ओढेनासं झालं, तर ताप नसतानाही निघायचं.

घरी आल्यावर आईनं शेगडी उचलून मागच्या पडवीत नेली. मोठी माय काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी आलेली कावीळही अशीच पार पडली होती. निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या आठवड्यात थोडी पिवळी होतात हे मला माहीत होतं, तरी आपल्या बाळाचं नाक पिवळं दिसलं की माहिती उपयोगी पडत नाही. शेजारच्या काकूंनी ग्लुकोजचं पाणी पाजायला सांगितलं, कुणी उन्हात धरायला. ग्लुकोजच्या पाण्यानं कावीळ उतरत नाही. पिवळेपणा बाळाच्या शीतून बाहेर पडतो आणि शी दुधानं होते. उन्हाच्या सांगण्यामागे मात्र एक खरी गोष्ट आहे. १९५६ च्या सुमाराला इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या एका सिस्टर बाळांना अंगणातल्या उन्हात न्यायच्या. उन्हात उघडं राहिलेलं बाळाचं अंग फिकट होतं आणि दुपट्याखाली झाकलेला भाग पिवळाच राहतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते डॉक्टरांना दाखवलं. आज दवाखान्यात निळ्या दिव्याखाली बाळं ठेवतात, त्याची सुरुवात त्या पाहण्यातून झाली. पण आमच्या एप्रिलच्या उन्हात नवजात बाळ धरणं म्हणजे त्याला भाजणं, आणि दिव्याची जागा ऊन घेऊ शकत नाही. पहिल्या चोवीस तासांतच दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ, दूध पिताना झोपून जाणारं बाळ, यातलं काही दिसलं तर रक्त तपासायचं. माझ्या लेकाची पोटाच्या वरच थांबली आणि दहाव्या दिवसापर्यंत ओसरली.

ही कावीळ मला पहिल्यांदा दाखवली आमच्या आशाताईनं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. ही रीत ज्या कामातून पुढे आली ते काम गडचिरोलीतलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणून दाखवले. १९९९ मध्ये ते जगापुढे मांडलं. आमची ताई पाचवारी साडी खोचून, पिशवीतला झोळीचा काटा दाराच्या कडीला अडकवून बाळ तोलायची. सातव्या दिवशी वजन जन्मापेक्षा दोनशे ग्रॅम कमी भरलं. घरात एकदम शांतता. ताई हसून म्हणाली, पहिल्या आठवड्यात उतरतंच, चौदाव्या दिवशी बघा. चौदाव्या दिवशी जन्मवजनाच्या वर पन्नास ग्रॅम होतं.

तिनंच मला श्वास मोजायला शिकवलं. बाळ शांत असताना, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त भरले तर ते नुसतं सर्दी-पडसं नाही. बरगड्यांखालची कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल तर मोजत बसायचंही नाही, निघायचं. जुन्या बायका याला पोटात डबा झाला म्हणतात. त्यांनी पाहिलेलं बरोबर असतं, पोट खरंच उडत असतं. पण त्यावर पोटाला तापल्या सळईचे नाहीतर बिब्ब्याचे डाग देतात. सातपुड्याच्या पाड्यांवर अशा डागण्यांच्या बातम्या अजून येतात. मोठी मायच्या स्वतःच्या बेंबीशेजारी दोन आहेत, तांदळाएवढे, पांढरे पडलेले. दुखतंय ते फुप्फुस, चटका पोटाला. मी त्या डागांवरून लहानपणी बोट फिरवायचे.

काजळ मी लावू दिलं नाही, घुटी सहाणेवर उगाळू दिली नाही, टाळूवर तेल मात्र लावू दिलं. टाळूला मोठी माय टायू म्हणते, आमच्या अहिराणीत ळ चा य होतो. रोज सकाळी न्हाणं झालं की ती चार बोटं टाळूवर ठेवून क्षणभर गप्प बसायची. मला ते देवाला हात जोडल्यासारखं वाटायचं.

आखाजीच्या त्या दुपारी मी पाणी प्यायला उठले, तर ती उंबऱ्याशी तशीच बसलेली. मला पाहून तिनं कुंकवाचं ते बारीक बोट पदरानं झाकलं. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तवय बी असंच सांगेत वं. पानी नको देऊ."

मला आप्पांना एक धाकटा भाऊ होता हे माहीत नव्हतं. आप्पांनाही अंधुकच आठवतं. बहात्तर साली पाऊस गेला आणि त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात बोरीच्या वाळूत माणसं झिरे खणून वाटी-वाटीनं पाणी भरत होती. मोठे आबा, म्हणजे माझे आजोबा, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. मोठी माय बावीस वर्षांची, पदरात पाच वर्षांचे आप्पा आणि दहा महिन्यांचं हे पोर. त्याला हगवण लागली. सासू, चुलतसासू, गल्लीतल्या जाणत्या बायका, सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: पाणी तोडा, पाणी दिलं की पाण्यावाटे जातं, वरून बंद केलं की खालून थांबेल. दूधही तोडलं. तोंडाला नुसता ओला बोळा. दुसऱ्या दिवशी टाळू खाली गेली. ती सगळ्यांना दिसली. तिच्यात एरंडेल भरलं, दृष्ट काढली, आंगारा लावला. पोर घागरीकडे पाहून हात करायचं. तिसऱ्या दिवशी रडायचं, पण डोळ्यांत पाणी यायचं नाही. हे सांगताना मोठी माय थांबली आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू अजूनही तिला त्या कोरड्या रडण्याचा अर्थ कुणी सांगावा. संध्याकाळी ते रडायचंही थांबलं.

"घागर भरेल व्हती," ती म्हणाली. "दोन कोस जाईसन भरी लयेल व्हती मी."

तेव्हा मला कळलं की ती आठवडाभर भांडत होती, पण माझ्याशी नाही. एका डॉक्टरबाईचं "पाणी देऊ नका" तिच्या कानांना पन्नास वर्षांपूर्वीचं ऐकू येत होतं. आणि मी तिला दुधातल्या पाण्याची टक्केवारी सांगत होते.

मी तिला दोरीकडे नेलं. सकाळपासूनचे पाच लंगोट वाळत होते, सहावा लेकाच्या अंगावर ओला होता. तिनं एकेक हातात घेऊन पाहिला. पाणी पोटात गेल्याशिवाय एवढं येईल का, असं मी म्हटलं. ती काही बोलली नाही, पण वाटी-चमचा त्या दिवसापासून बाहेर आला नाही. त्याऐवजी मी पाजायला बसले की ती माझ्याशेजारी पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि मी तो पूर्ण पिईपर्यंत तिथून हलायची नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात पेपरात डॉ. दिलीप महालनबीस गेल्याची बातमी आली. एरवी मी पान उलटलं असतं. १९७१ च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, टोचायला हात पुरेनात. तेव्हा महालनबीसांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांत भरलं आणि रुग्णांच्या आया-बहिणींच्या हाती पेले दिले. पाजा, पीत राहू द्या. शंभरात वीस-तीस जात होते तिथे चाराहून कमी जाऊ लागले. यामागचं गुपित त्याआधी काही वर्षं कळलेलं होतं: जुलाबांत आतडं पाणी धरत नाही, पण ग्लुकोज मिठाला बरोबर घेऊन आतड्याच्या भिंतीतून आत शिरतं आणि त्यांच्या मागोमाग पाणीही जातं. नुसत्या पाण्याला जे दार बंद असतं ते चिमूटभर मीठ नि साखर उघडतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं १९७८ मध्ये लिहिलं की हा कदाचित या शतकातला वैद्यकशास्त्राचा सर्वांत मोठा शोध ठरेल. महालनबीसांना पद्मविभूषण मिळाला तो मरणानंतर, २०२३ मध्ये.

मी साल पुन्हा पुन्हा वाचत होते. एकाहत्तर. आमच्या घरातलं पोर गेलं त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. मीठ घरात होतं, गूळ-साखर थोडी का होईना होती, पाणी दोन कोसांवरून आणून ठेवलेलं होतं. दोन वर्षांत ती गोष्ट बनगावहून बोरीकाठी पोचली नाही.

डिसेंबरात चुलतभावाचं लग्न निघालं. लेक नऊ महिन्यांचा, आठ किलोचा, रांगणारा, दिसेल ते तोंडात घालणारा. हळदीच्या दिवशी टँकरचं पाणी, दोनशे माणसं, वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती. बाळ या कडेवरून त्या कडेवर. तिसऱ्या दिवशी पहाटे उलटी झाली आणि मग पाण्यासारखे जुलाब, सकाळपासून दुपारपर्यंत आठ. घरात सगळ्यांनी एकमुखानं निदान केलं, दात येतायत. या समजुतीनं किती लेकरं उशिरा दवाखान्यात पोचतात याचा मला आता खरोखर राग येतो. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ हाताला लागेल ते चावतं. दातांनी जुलाब होत नाहीत. त्या वयात बाळ जमिनीवर उतरतं, खेळणं-चप्पल-बोट सगळं तोंडात घालतं, आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही ओसरत आलेली असते. जुलाब तिथून येतात.

एक काका धावत जाऊन जुलाब बंद करायची गोळी घेऊन आले, दुसरे टेट्रापॅक. गोळी मी फेकली. लहान मुलांना ती द्यायचीच नसते. तिनं आतडं थिजतं, घाण आत साचते आणि पोट फुगतं. ओआरएस म्हणजे जुलाबांत पाजायचं तेच मीठ-ग्लुकोजचं पाणी. टेट्रापॅकवर ती अक्षरं होती, आत होतं गोड सरबत. खऱ्या ओआरएसमध्ये एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. अशा पेयांत साखर कितीतरी पट असते, आणि जास्तीची साखर आतड्यातलं पाणी आणखी बाहेर ओढते. अशा पेयांवर ओआरएस लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. मी दुपारी दुकानातून पावडरचं पाकीट आणलं, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सगळं एकदम घातलं, कारण अर्धं पाकीट अंदाजानं कमी पाण्यात घातलं की मीठ जास्त होतं. पण लेक दोन चमचे प्यायचा आणि ओकायचा. मी घाबरून थांबायचे.

चार वाजता मोठी मायनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चार बोटं, नेहमीसारखी. "टायू बठनी," ती म्हणाली. ओरडली नाही. माझा हात धरून तिनं तो तिथे ठेवला आणि मला बोटांखाली खळगा लागला. आठ महिने ती रोज सकाळी काय तपासत होती, ते मला त्या खळग्यापाशी कळलं. पुढच्या पंधरा मिनिटांत आम्ही गाडीत होतो. ती नऊवारीवर शाल घेऊन, न विचारता, माझ्याआधी जाऊन बसली.

डॉक्टरबाईंनी लेकाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश जागेवर गेली. डोळे ओढलेले. किरकिरा, पण वाटी दिसताच झडप घालणारा. तो पितोय हीच मोठी गोष्ट आहे, त्या म्हणाल्या. मलूल होऊन पिणं सोडलं असतं तर लगेच सलाईन लावली असती. आता शिरेपेक्षा चमचा बरा. सहाशे मिलीलिटर, चार तासांत. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, आणखी सावकाश. मध्ये मध्ये अंगावर पाजायचं, दूध तोडायचं नाही. सोबत झिंक, रोज वीस मिलीग्रॅम, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. सहा महिन्यांच्या आतल्यांना दहा. हिवाळ्यात असे जुलाब बऱ्याचदा रोटा नावाच्या विषाणूचे असतात, आणि प्रतिजैविकाचा त्यांना उपयोग नसतो. रोटाचे तिन्ही डोस दिलेत ना, हे त्यांनी कार्डावर बघून घेतलं.

"आजी, पाणी पाजायचंय," त्या मोठी मायकडे वळून म्हणाल्या. "भरपूर. थांबायचं नाही."

मोठी मायनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाटी-चमचा तिनं माझ्या हातातून घेतला.

पाच मिलीचा चमचा. सहाशेला एकशेवीस चमचे. चार तासांत एकशेवीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एक. मी मोबाइलवर हिशोब लिहायला लागले तर तिनं डाव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवला. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, बारा. बारा झाले की खाटेच्या लोखंडी दांडीवर कुंकवाच्या बोटानं एक ठिपका. कुंकू तिनं स्वतःच्या कपाळावरून घेतलं. दहा ठिपके झाले की काम झालं. शाळेत एक दिवस न गेलेल्या बाईनं हे गणित केलं तेवढ्यात माझ्या मोबाइलचं कुलूपही उघडलं नव्हतं.

तिसऱ्या ठिपक्याला लेक ओकला. मी रडले. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायला मला सांगितलं आणि दहा मिनिटं झाली की चमचा पुन्हा उचलला. त्या रात्री मला नंदुरबारच्या रेलू वसावे आठवत होत्या. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे पाड्यांवरच्या आया नदी ओलांडून अंगणवाडीत येईनाशा झाल्या, तेव्हा चिमलखेडीच्या या अंगणवाडीसेविका मासेमाराची होडी मागून घेऊन नर्मदेत अठरा किलोमीटर वल्हवत जायच्या. सोबत वजनकाटा आणि पोषण आहार. बाळं तोलायची, आहार द्यायचा, परत वल्हवत यायचं. पाकीट, चमचा आणि तो कसा वापरायचा हे सांगणारं माणूस, एवढंच अंतर असतं आणि तेवढं पार करायला कुणाला तरी वल्हं मारावं लागतं.

सातव्या ठिपक्याला लेकानं चमच्याकडे तोंड फिरवलं आणि रडला. गालावर पाणी आलं. मोठी मायनं ते अंगठ्यानं टिपून मला दाखवलं, काही बोलली नाही.

दहावा ठिपका रात्री साडेनऊला पडला. डॉक्टरबाई आल्या, चिमटी घेतली, कातडी पटकन बसली. आता प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, म्हणजे दहा-वीस चमचे, आणि सकाळपर्यंत इथेच थांबा. मी बाकावर लवंडले. मध्येच डोळा उघडला की ती तशीच बसलेली दिसायची, मांडीवर लेक, अंगठा पेरावर.

पहाटे पाच वाजता तिच्या हाकेनं मी दचकून उठले.

"मुतना वं! मुतना!"

तिचं लुगडं मांडीपासून गुडघ्यापर्यंत ओलं झालेलं. लेक झोपेत ओठ हलवत होता. नर्सबाईनं दुसरं कोरडं कापड आणून दिलं, आईनं पिशवीतून लुगडं काढलं. तिनं ते दोन्ही बाजूला ठेवलं आणि उजाडेपर्यंत ओल्या लुगड्यातच बसून राहिली.